व्यावसायिक टीव्ही फिटिंग

कार्यालये, रुग्णालये, शाळा, बँका, हॉटेले, विमानतळ, पोलीस नियंत्रण कक्ष अशा ठिकाणी टीव्ही किंवा मोठे डिस्प्ले भिंतीवर, छताला वा खांबाला पक्के बसवून त्यांची वीज आणि सिग्नलची जोडणी करून देण्याचे काम. घरच्या टीव्हीसाठी कंपनीचा माणूस येतो, चार भोके पाडतो, अर्ध्या तासात निघून जातो. संस्थेतल्या पडद्याखालून मात्र दिवसभर परकी माणसे ये-जा करतात, तो सोळा किंवा चोवीस तास चालू राहतो आणि निखळला तर जाब संस्थेला द्यावा लागतो. खरेदीच्या बैठकीत सगळा वेळ पडद्याच्या इंचांवर जातो. काम टिकणार की नाही हे बहुतेक वेळा भिंत ठरवते आणि तिची चौकशी कुणी केलेली नसते.

भारतात टीव्ही घराआधी सार्वजनिक जागेत आला. १९५९ मध्ये दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा संच होते ते मुख्यतः ‘टेलिक्लब’ नावाच्या सामूहिक केंद्रांत. १९६७ मध्ये ‘कृषिदर्शन’ सुरू झाले ते दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांसाठी. १९७५-७६ च्या ‘साइट’ या उपग्रह प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांमध्ये जाळीच्या तीन मीटर व्यासाच्या अँटेनासह सामूहिक संच पोहोचले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. मुंबई केंद्र मात्र २ ऑक्टोबर १९७२ पासून चालू होते. पुढची कित्येक वर्षे संस्थेतला टीव्ही म्हणजे दवाखान्याच्या किंवा एसटी स्टँडच्या कोपऱ्यात उंचावर बसवलेला लोखंडी अँगलचा पिंजरा, त्याला कुलूप आणि आत पिक्चर ट्यूबचा अवजड संच. ते अँगल भिंतीत खोलवर सिमेंटने गाडलेले असत. सपाट पडदे आले, वजन उतरले आणि भिंतीचा धाकही गेला.

सपाट पडद्याच्या पाठीवरची चार भोके व्हेसा या संघटनेने ठरवलेल्या मापांत असतात. लहान पडद्यांना ७५ × ७५ किंवा १०० × १०० मिलिमीटर, मोठ्यांना ४०० × ४०० किंवा ६०० × ४००. स्क्रू लहानांना एम४, मोठ्यांना एम६ किंवा एम८. या एकसारखेपणामुळे कोणत्याही कंपनीचा ब्रॅकेट, म्हणजे पडदा भिंतीला धरून ठेवणारा सांगाडा, त्याच मापाच्या आणि त्याला झेपणाऱ्या वजनाच्या कोणत्याही पडद्याला चालतो. भिंतीच्या बाजूला असे कोणतेही प्रमाण नाही.

ब्रॅकेट स्थिर, खाली झुकणारा, हात पुढे काढून फिरणारा किंवा छतावरून पाइपने लोंबणारा असतो. यांतला फिरता प्रकार लोकांना आवडतो आणि तोच सर्वांत घातक. २५ किलोचा पडदा भिंतीपासून ६० सेंटिमीटर पुढे ओढला आणि ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या बोल्टमध्ये ३० सेंटिमीटर अंतर असले, तर वरच्या बोल्टांवर बाहेर खेचणारी ओढ सुमारे ५० किलोची होते, म्हणजे पडद्याच्या दुप्पट. त्यात कुणी हात टेकवला की हिशेब आणखी बदलतो. म्हणून जाणते कंत्राटदार वजनाच्या चौपट-पाचपट भार धरून चालतात.

भिंती : भाजक्या विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत काम सरळ असते. योग्य मापाचे भोक, आतली धूळ फुंकून साफ करणे, मग फास्टनर (आवळल्यावर भोकात फुगून बसणारा बोल्ट) किंवा नायलॉनची गिट्टी (भोकात बसून स्क्रू धरणारी नळी). (१९५८ मध्ये जर्मनीच्या आर्तूर फिशर यांनी आणलेल्या नायलॉनच्या गिट्टीने लाकडी गिट्टीचा जमाना संपवला.) प्लास्टरच्या दोन सेंटिमीटर जाडीचा आधार धरायचा नसतो, हे मात्र घाईत विसरले जाते.

नव्या इमारतींत सिपोरेक्स नावाने ओळखले जाणारे हलके ब्लॉक असतात. त्यांची घनता विटेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाची. फुगणारा फास्टनर आवळला की ब्लॉक आतून भुगा होतो आणि बोल्ट गोल फिरू लागतो. तिथे ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके, बंद ठेवून भोक पाडावे लागते आणि केमिकल अँकर, म्हणजे भोकात घट्ट होणाऱ्या रसायनात रोवलेला बोल्ट, भरावा लागतो, नाहीतर भिंतीच्या आरपार बोल्ट घेऊन मागच्या बाजूला पत्रा द्यावा लागतो. जिप्समच्या पार्टिशनला तर स्वतःचा जोर नसतोच. आत पत्र्याचा सांगाडा आणि १८ मिलिमीटरचा प्लायवूड आधीच बसवलेला असला तर ठीक. नसला तर बोर्ड उघडावा लागतो आणि इंटिरिअरवाल्याशी वाद होतो.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या जांभ्या चिऱ्याच्या भिंतीला अंगभूत पोकळ्या असतात. जाळीच्या नळीत केमिकल भरून घेतलेला अँकर तिथे चालतो, साधी गिट्टी नाही. किनाऱ्यावर खाऱ्या हवेने साधा बोल्ट आतून गंजतो, म्हणून स्टेनलेस स्टील लागते. पांढऱ्या मातीच्या भिंतींचे जुने वाडे किंवा मुंबईतल्या हेरिटेज यादीतल्या दगडी इमारती असतील, तर भिंतीला हात न लावता जमिनीवर उभा राहणारा स्टँड घ्यावा. छताचीही वेगळी कथा आहे. मोठ्या ऑफिस इमारतींचे स्लॅब पोस्ट-टेन्शन असतात, म्हणजे आत ताणलेल्या पोलादी तारा असतात. स्कॅन न करता तिथे ड्रिल लावणे हा गुन्हाच म्हणावा.

रुग्णालयात भिंतीआड ऑक्सिजनची तांब्याची नळी असू शकते. एक्स-रे कक्षाच्या भिंतीत शिशाचा पत्रा असतो. तिथे पाडलेले एक भोकही किरणांना वाट देते. मनोरुग्ण विभागात फास लावता येईल असा कोणताही कोपरा उरू नये म्हणून पडदा बंद पेटीत घालतात, आणि पेटीला हवा मिळाली नाही तर तो तापून बंद पडतो. बहुतेक पडदे ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. विदर्भातल्या मे महिन्याने हा आकडा वाचलेला नाही.

उंचीबाबत सर्वसाधारण रीत अशी, की पडद्याचा मध्य पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या आसपास यावा. जिल्हा परिषदेच्या शाळांत २०१५ नंतर लोकवर्गणीतून अनेक डिजिटल वर्ग उभे राहिले. तिथली मुले सतरंजीवर बसतात, पडदा मात्र मोठ्या माणसाच्या नजरेने, बहुधा फळ्याच्या वर, लागतो आणि पहिल्या रांगेच्या माना अवघडतात. वाचायचा मजकूर असेल तर शेवटचा विद्यार्थी पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा दूर नसावा. ६५ इंची पडदा सुमारे ८१ सेंटिमीटर उंच, म्हणजे मर्यादा पाच मीटरच्या आत. लांबट वर्गात हा एक पडदा पुरत नाही. वाटेतल्या भिंतीवर वेगळी काळजी लागते : अमेरिकेत अपंगांच्या हक्कांच्या नियमांनुसार जमिनीपासून सुमारे ६८ सेंटिमीटर ते दोन मीटर या पट्ट्यात भिंतीवरची वस्तू सुमारे १० सेंटिमीटरपेक्षा जास्त पुढे येऊ नये, कारण अंध व्यक्तीच्या काठीला ती लागत नाही, डोक्याला लागते.

नियंत्रण कक्षातली व्हिडिओ वॉल हे या कामातले सर्वांत नाजूक प्रकरण. ५५ इंची नऊ पडदे तीन-तीनच्या रांगेत, खालून वर लावत जातात; दोन चित्रांमधली पट्टी एक ते साडेतीन मिलिमीटरची, त्यामुळे पाणसळीत एक रेघ चुकली तरी वरच्या रांगेत ती उघडी पडते. मधला पडदा बिघडला तर बाकीचे न हलवता तो काढता यावा म्हणून दाबल्यावर पुढे येणारे ब्रॅकेट वापरतात. असे नऊ पडदे मिळून दीड किलोवॉटच्या आसपास उष्णता सोडतात, तेव्हा एसीचा हिशेबही यातच.

तारांसाठी झिरी प्लास्टरच्या आधी मारावी. नंतर भिंतीवरून दिसणाऱ्या केसिंग-पट्टीवरच भागवावे लागते. साध्या तांब्याच्या एचडीएमआय केबलवर ४के चित्र पाच-सात मीटरपुढे भरवशाचे राहत नाही. त्यापुढे फायबरची केबल किंवा कॅट-६ या नेटवर्कच्या तारेवरून १०० मीटरपर्यंत सिग्नल नेणारे एचडीबेसटी हे तंत्र वापरतात. विजेची आणि सिग्नलची नळी वेगळी ठेवतात.

सरकारी कार्यालयांत टीव्हीची खरेदी आता बरीचशी २०१६ मध्ये सुरू झालेल्या जेम पोर्टलवरून होते, आणि अशा खरेदीत ‘इन्स्टॉलेशनसह’ हा एक शब्द सगळे काम गुंडाळून टाकतो. भिंत कोणती, किती उंचीवर, प्लग कुठे, याचा उल्लेख नसतो. ब्रॅकेट ‘फ्री’ येतो आणि गिट्ट्या त्याच पुडीतल्या. कागदावर भिंतीचा प्रकार, अँकरचे माप आणि भार-चाचणी लिहून घेतली तर निम्मे वाद टळतात.

देखभालीच्या करारात सहसा पडदा पुसण्याची तरतूद असते, बोल्टांची नसते. फिरत्या हाताचे बोल्ट वर्षातून एकदा तपासावेत. पडदा बदलला आणि नव्याची भोके जुन्या ब्रॅकेटशी जुळली, तरी नव्याचे वजन जुन्या अँकरला झेपते का हे पाहावे, आणि सिपोरेक्सच्या भिंतीत जुने भोक पुन्हा वापरू नये.