रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग जड: थायरॉईडची नवी गोळी पारखायची कशी?

इंदूरला लोकमान्य नगरात माझी आत्या राहते. गेली अकरा वर्षं तिच्या उशाशी थायरॉईडच्या गोळ्यांची बाटली आणि पाण्याचा तांब्या असतो. पहाटे जाग आली की गोळी, मग तासभर काहीच नाही, आणि त्यानंतर चहा. कोपऱ्यावर पोह्यांची कढई चढलेली असते, जिलबीचा वास गल्लीत येतो, आणि आत्या घड्याळाकडे बघत बसते. परवा लॅबमधून तिचा रिपोर्ट आणला. टीएसएच २.१, म्हणजे अगदी बरोबर. तसं सांगितलं तर म्हणाली, "रिपोर्ट चांगला आला गं, पण मला कुठे चांगलं वाटतंय? दुपारी अंग दगडासारखं होतं. बोलता बोलता साधे शब्द आठवत नाहीत."

ही तक्रार तिच्या एकटीची नाही. गोळी नियमित आणि रक्ततपासणी व्यवस्थित, तरीही बरं न वाटणारे रुग्ण ढोबळमानाने ५ ते १० टक्के असावेत, असा अंदाज मांडला जातो. भारतात हा आकडा लहान राहत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आठ शहरांतल्या ५,३७६ प्रौढांची तपासणी झाली आणि त्यातल्या जवळजवळ ११ टक्क्यांची थायरॉईड ग्रंथी मंद असल्याचं आढळलं. इंदूर त्या यादीत नव्हतं. आपल्याला त्यातल्या त्यात जवळचं शहर अहमदाबाद.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. आपल्याकडे सर्रास म्हणतात, "माझा थायरॉईड वाढलाय." खरं तर बहुतेक वेळा उलटं झालेलं असतं. वाढलेला असतो तो टीएसएच, आणि तो थायरॉईडचा नव्हे, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा हॉर्मोन. गळ्यातली थायरॉईड, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली अवटू ग्रंथी, काम कमी करू लागली की पिट्युटरी तिच्या मागे लागते, "अजून बनव, अजून बनव." ती हाक म्हणजे टीएसएच. पुरेशी गोळी मिळाली की हाक खाली येते. डॉक्टर त्या हाकेवरून डोस ठरवतात, आणि ते योग्यच आहे, कारण रक्तातली थोडीशी कमतरताही पिट्युटरीला फार लवकर कळते. पण पिट्युटरी समाधानी झाली म्हणजे हृदय, स्नायू, मेंदू सगळेच समाधानी झाले का? सगळा वाद इथूनच सुरू होतो.

निरोगी ग्रंथी मुख्यतः टी-४ बनवते. त्यात आयोडीनचे चार अणू असतात. शरीरातली वितंचकं, म्हणजे एन्झाइम्स, त्यातला एक अणू काढून टी-३ तयार करतात आणि पेशींत प्रत्यक्ष काम करतो तो हा टी-३. शरीरातला सुमारे ८० टक्के टी-३ असा ग्रंथीबाहेर, यकृत, मूत्रपिंड, स्नायू यांच्यात बनतो. उरलेला थोडा ग्रंथी स्वतः सोडते. आत्याच्या बाटलीत आहे तो फक्त टी-४, त्याचं नाव लेव्होथायरॉक्सिन. ग्रंथी नसलेल्या माणसांतही टी-४ पासून टी-३ बनतो, हे १९७० मध्ये दाखवून दिलं गेलं. तेव्हापासून विचार सरळ झाला: कच्चा माल द्या, शरीर हवा तेवढा पक्का करून घेईल. टी-४ शरीरात निम्मा व्हायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे एखादी गोळी चुकली तरी आभाळ कोसळत नाही. टी-३ मात्र दिवसभरात निम्मा होतो आणि गोळी घेतल्यावर दोन-चार तासांत रक्तात त्याची उसळी येते.

फार पूर्वी औषध म्हणजे प्राण्याची ग्रंथीच होती. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरांनी एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती बाई त्यानंतर २८ वर्षं जगली आणि तेवढ्या काळात तिला ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. हे वाचलं की आत्याच्या एवढ्याशा गोळीबद्दल मला फार आदर वाटतो.

आता प्रश्न असा: ग्रंथी थोडा टी-३ स्वतःही सोडत होती, तर गोळीतही तो थोडा घातला तर? १९९९ मध्ये लिथुआनियात ३३ रुग्णांवर हे करून पाहिलं. प्रत्येकाला पाच आठवडे नेहमीची टी-४ आणि पाच आठवडे मिश्रण, म्हणजे टी-४ चे ५० मायक्रोग्रॅम कमी करून त्याजागी १२.५ मायक्रोग्रॅम टी-३. कोणत्या पाच आठवड्यांत काय मिळालं, हे त्यांना माहीत नव्हतं. शेवटी विचारलं तेव्हा २० जणांना मिश्रण आवडलं, दोघांना जुनी गोळी, आणि ११ जणांना फरक वाटला नाही. मनःस्थिती आणि स्मरणाच्या काही चाचण्यांतही सुधारणा दिसली. साहजिकच रुग्णांमध्ये मोठी आशा निर्माण झाली.

मला या प्रयोगाची रचना आवडते, कारण प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच होते. पण सात दिवसांत निम्मं होणारं औषध तपासायला पाच आठवडे फारच थोडे. पहिल्या टप्प्याचं औषध दुसऱ्या टप्प्यात रेंगाळतं. शिवाय बऱ्याच जणांची ग्रंथी कर्करोगामुळे काढलेली होती. आत्यासारख्या, ग्रंथी हळूहळू थकलेल्या बाईला त्यातून थेट उत्तर मिळत नाही.

मग ब्रिटनमध्ये ६९७ रुग्णांवर वर्षभराची चाचणी झाली, २००५ मध्ये तिचे निष्कर्ष आले. अर्ध्यांना मिश्रण, अर्ध्यांना पूर्वीचीच टी-४, फक्त नव्या वेष्टनात. तीन महिन्यांनी बघितलं तर दोन्ही गटांना बरं वाटत होतं! ज्यांच्या औषधात काहीच बदललेलं नव्हतं, त्यांनाही. मिश्रणाच्या गटाला सुरुवातीला थोडी आघाडी मिळाली होती, ती वर्षअखेर टिकली नाही. कुणी आपलं नीट ऐकतंय, नवं काही मिळतंय, या भावनेनेच थकवा काही काळ हलका होतो. म्हणून त्या रुग्णांचा थकवा खोटा होता, असं म्हणणारा मला अजिबात पटत नाही. थकवा खरा असतो आणि बरं वाटणंही खरंच असतं. मात्र ते गोळीमुळे वाटलं का, हे ठरवायला समोर दुसरा गट लागतोच.

त्याच वर्षी नेदरलँड्समधली १४१ जणांची चाचणी आली आणि ती मला सगळ्यांत बोलकी वाटते. टी-३ चं प्रमाण जितकं जास्त, तितकी पसंती जास्त: नुसत्या टी-४ ला २९ टक्के, कमी टी-३ ला ४१, जास्त टी-३ ला ५२ टक्के. पण स्मरणाच्या आणि मनःस्थितीच्या मोजमापांत फरक नाही. मग आवडलं काय? वजन. जास्त टी-३ मिळालेल्यांचं वजन साधारण पावणेदोन किलोंनी उतरलं होतं. त्यांचा टीएसएचही फार खाली गेला होता, म्हणजे डोस गरजेपेक्षा जास्त झाला होता. असं वर्षानुवर्षं चाललं तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडं ठिसूळ होतात. पासष्टीच्या आत्यासाठी पावणेदोन किलोंची ही किंमत मला मान्य नाही.

पण "चाचण्या झाल्या, फरक नाही, विषय संपला" हेही मला घाईचं वाटतं. या चाचण्यांत घेतलेले बरेच रुग्ण नेहमीच्या गोळीवर आनंदात होते. ज्याला भूकच नाही त्याला जेवण कसं वाटलं, हे विचारून काय कळणार? शिवाय टी-३ बहुधा दिवसातून एकदाच दिला गेला, म्हणजे सकाळी उसळी आणि रात्री ओहोटी. आणि माणसं सारखी नसतात. टी-४ चा टी-३ करणाऱ्या एका वितंचकाच्या जनुकात काहींमध्ये बदल असतो. ब्रिटनच्याच चाचणीतल्या ५५२ जणांचे जनुक तपासले, तेव्हा त्यांतल्या सुमारे १६ टक्के लोकांमध्ये दोन्ही प्रती बदललेल्या होत्या आणि मिश्रणाचा फायदा त्यांना जास्त झालेला दिसला. हा २००९ चा निष्कर्ष औषध लिहून देण्याइतका पक्का नाही, पण पुढच्या प्रयोगात कुणाला घ्यायचं याची दिशा त्यातून मिळते.

२०२१ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि युरोपच्या थायरॉईड संघटनांनी एकत्र बसून पुढच्या चाचण्या कशा असाव्यात ते लिहिलं. समाधानी नसलेले रुग्ण घ्या. ज्यांची स्वतःची ग्रंथी फारसं काही बनवत नाही, म्हणजे वजनाच्या दर किलोला निदान १.२ मायक्रोग्रॅम टी-४ लागते, असे घ्या. टी-३ दिवसातून दोनदा द्या, आणि निदान वर्षभर पाहा. सावकाश सुटणाऱ्या टी-३ वरही काम चालू आहे. जस्ताशी जोडलेल्या टी-३ ची निरोगी लोकांवर पहिली चाचणी झाली, तेव्हा रक्तातली उसळी साध्या टी-३ पेक्षा खाली राहिली आणि पुढे काही तास पातळी पठारासारखी टिकली. रुग्णांपर्यंत यायला मात्र बराच पल्ला आहे.

सगळ्या चाचण्या नव्या रेणूच्याच असतात असं नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये टी-४ सकाळी घ्यावी की झोपताना, एवढंच तपासलं. प्रत्येकाला रोज दोन कॅप्सूल दिल्या, एक सकाळची, एक रात्रीची, आणि त्यातल्या एकीतच औषध होतं. तीन महिन्यांनी अदलाबदल. चाचणी पूर्ण केलेल्या ९० जणांत रात्रीच्या गोळीने टीएसएच जास्त खाली आला. आत्याला हे सांगितलं तर तिचे डोळे चमकले. पण तिचं जेवण उशिरा आणि झोपताना कॅल्शियमची गोळी, जी टी-४ ला आतड्यातच अडकवून ठेवते. हा बदल डॉक्टरांना विचारूनच करायचा. हिमोग्लोबिन आणि बी-१२ ही बघायला सांगायचं, कारण थकव्याला थायरॉईड हे एकच घर नसतं.

चाचणीत भाग घेण्याबद्दल इंदूरकरांच्या मनात धाकधूक असते, आणि ती अनाठायी नाही. इथे रुग्णांवर झालेल्या औषधचाचण्यांवरून मोठं वादळ उठलं होतं. २०१२ मध्ये इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यानंतर संमती आणि नुकसानभरपाईचे नियम कडक झाले, आणि २०१९ मध्ये नवी नियमावली आली. आज चाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत, सीटीआरआयमध्ये, आधी व्हावी लागते. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार हा रुग्णाचा हक्क आहे. संमतीपत्र आपल्याला कळणाऱ्या भाषेत मागायचं, घरी नेऊन वाचायचं, आणि मधेच सोडून द्यायची मुभा आहे हे लक्षात ठेवायचं.

आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे वर्षभर मला कळणारच नाही कोणती गोळी चाललीय?" नाही कळणार, म्हटलं, डॉक्टरांनाही नाही.

"चालेल. पण वर्ष संपल्यावर सांगतील ना?"

ते सही करण्याआधी विचारायचं, मी म्हटलं, आणि उत्तर कागदावर आहे का तेही बघायचं.

"मग ते तू बघ," आत्या म्हणाली. "चष्मा लावला तरी एवढं बारीक मला दिसत नाही."