मण्याला धरणारी शेपटी

पेशी फोडल्यावर हाती येतं ते हजारो प्रथिनं मिसळलेलं गढूळ पाणी. त्यातून हवं ते एकच प्रथिन काढायचं तर पूर्वी अमोनियम सल्फेटने साका पाडायचा, मग एकामागून एक कॉलम (बारीक मणी भरलेल्या नळ्या) लावायचे. दर पायरीला माल घटत जाई.

प्रथिनाच्या आवडीनिवडीचा उपयोग करता येईल ही कल्पना मात्र जुनीच. अमायलेझ हे विकर न विरघळलेल्या स्टार्चला धरून बसतं, हे 1910 मध्येच दिसलं होतं. अडचण होती आमिष, म्हणजे प्रथिन ज्याला धरतं तो रेणू, मण्यावर पक्कं बसवण्याची. 1967 मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे आक्सेन, पोराथ आणि एर्नबाक यांनी सायानोजेन ब्रोमाइड हे जोडणारं रसायन वापरून ती सोडवली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत क्वात्रेकासास, विल्चेक आणि अ‍ॅन्फिन्सन यांनी अ‍ॅगरोजच्या (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या पदार्थाच्या) मण्यांवर विकरं शुद्ध करून दाखवली आणि पद्धतीला ‘अ‍ॅफिनिटी क्रोमॅटोग्राफी’ हे नाव दिलं. तरीही दर प्रथिनासाठी नवं आमिष शोधणं सुटलं नव्हतं.

जनुकं जोडता येऊ लागली तेव्हा विचार उलटा फिरला. मणी एकच ठेवायचा आणि प्रत्येक प्रथिनाला मण्याला धरणारा तोच तुकडा, म्हणजे तीच शेपटी, लावायची.

यातली जीएसटी ही शेपटी कुठून आली, ते मला फार मोलाचं वाटतं. मेलबर्नमध्ये डोनाल्ड स्मिथ आणि सहकारी शिस्टोसोमा जॅपोनिकम या रक्तात राहणाऱ्या कृमीवर लस शोधत होते. उंदरांची एक जात या कृमीला दाद देत नव्हती. त्या उंदरांची प्रतिपिंडं कृमीच्या ज्या प्रथिनाला ओळखत, ते ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेझ, म्हणजेच जीएसटी हे विकर, निघालं. हे विकर ग्लुटाथायोन हा छोटा रेणू लावलेल्या मण्यांना घट्ट धरतं आणि मोकळं ग्लुटाथायोन ओतलं की सुटतं, प्रथिनाची घडी न मोडता. 1988 मध्ये स्मिथ आणि जॉन्सन यांनी त्याचं जनुक प्लास्मिडमध्ये, म्हणजे जीवाणूंत जनुकं घालायला वापरतात त्या डीएनएच्या कड्यात, बसवलं. जोडावर थ्रॉम्बिन या विकराने कापता येईल अशी जागा ठेवली, म्हणजे काम झालं की शेपटी काढून टाकता येते. त्या कृमीवर वापरात आलेली लस आजही नाही, पण त्याचं हे विकर जगभरच्या प्रयोगशाळांत रोज उपयोगी पडतं.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला रोश या औषध कंपनीत होखुली आणि सहकाऱ्यांनी दुसरी वाट काढली. धातूच्या आयनांना प्रथिनं चिकटतात हे पोराथ यांनी 1975 मध्ये दाखवलं होतं. होखुलींच्या एनटीए रेझिनने (धातू पकडणारा एनटीए हा रेणू लावलेल्या मण्यांनी) निकेलला चार ठिकाणी पकडलं आणि दोन जागा हिस्टिडिन या अमिनो आम्लासाठी मोकळ्या सोडल्या. सहा हिस्टिडिनची शेपटी तिथे बसते. ती सोडवायला इमिडाझोल लागतं, कारण हिस्टिडिनच्या बाजूच्या साखळीत तेच कडं असतं.

या मण्यांचा रंग फिकट निळा-हिरवा. नवख्याच्या हातून बफरमध्ये (प्रथिन ज्यात ठेवतात त्या द्रावणात) ईडीटीए हा धातू ओढून घेणारा पदार्थ जास्त पडला, तर निकेल निघून जातं, मणी पांढरे पडतात आणि सगळं प्रथिन कॉलममधून सरळ खाली वाहून जातं.