पार्श्वभूमी : ‘मान’ या शब्दाचा गुंता

दुसऱ्याची रील पाहून आपलं आयुष्य फिकं वाटू लागलं, की हल्ली बुद्धाचं चित्र आणि त्याखाली ‘हेही दिवस जातील’ असं वाक्य पाठवलं जातं. ते वाक्य त्रिपिटकातलं नाही. तुलनेवर अनित्यतेचा उतारा मात्र जुनाच आहे. पण तो कळायला ‘अनिच्च’ म्हणजे अनित्य या शब्दाच्या आधी ‘मान’ हा शब्द सोडवावा लागतो.

मराठीत मान म्हणजे लग्नातला मानपान, रुसवेफुगवे, पहिली पंगत. पालीत, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेत, तो दोष आहे. माणसाला बांधून ठेवणाऱ्या दहा संयोजनांतला आठवा, अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, झाल्याशिवाय न सुटणारा. भाषांतरांत त्याचा ‘गर्व’ किंवा ‘अहंकार’ झाला आणि तिथेच निम्मा अर्थ गळाला. कारण सुत्तांत, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांत, मान तीन तऱ्हांचा येतो : ‘सेय्योहमस्मि’, मी सरस, ‘सदिसोहमस्मि’, मी बरोबरीचा, ‘हीनोहमस्मि’, मी कमी. या उपदेशांची बारकाईने वर्गवारी करणाऱ्या अभिधम्म ग्रंथांनी पुढे त्याचे नऊ प्रकार केले. ‘गर्व’ म्हटलं की तिसरी तऱ्हा बाहेरच पडते. मैत्रिणीच्या मनालीच्या फोटोंना बदाम देऊन फोन उपडा ठेवणाऱ्या बाईला कुणी गर्विष्ठ म्हणणार नाही. पालीच्या हिशेबात मात्र ती मानातच आहे. संस्कृतात ‘मान’ असे दोन शब्द नांदतात, एक अभिमानाचा आणि दुसरा ‘परिमाण’, ‘मानदंड’ यांतला, मोजण्याचा. व्युत्पत्तीने ते वेगळे. तरी मराठी वाचकाने या दुसऱ्या, मोजण्याच्या, शब्दाचं बोट धरलं तर पालीतला मान लवकर कळतो, असं माझं मत.

मधली तऱ्हा महाराष्ट्रात बोचते. ‘आम्ही बरोबरीचे’ एवढं म्हणता यावं म्हणून ज्यांच्या पिढ्या झगडल्या, त्यांना ‘हाही मानच’ असं ऐकवलं तर राग येणारच. बाबासाहेबांनी 3 ऑक्टोबर 1954 च्या आकाशवाणीवरच्या भाषणात सांगितलं होतं, की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली. समता हा हक्क आहे. मान म्हणजे सतत शेजाऱ्याच्या पारड्याकडे बघणारा मनातला काटा. ‘तुलना सोडा, आहे त्यात शांत राहा’ म्हणणारी ध्यानाची गुळगुळीत भाषा हा फरक गिळून टाकते. अनित्यतेचाही बाबासाहेबांनी लावलेला अर्थ उसासे टाकणारा नाही : काहीच कायमचं नाही, म्हणून तर बदल शक्य आहे.

योगायोग असा, की त्याच 1954 साली एका अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सामाजिक तुलनेचा सिद्धान्त मांडला. स्वतःला मोजायला दुसरी पट्टी नसली, की माणूस आपल्यासारख्याच माणसाला पट्टी करतो. म्हणूनच अंबानींच्या लग्नापेक्षा शाळेतल्या बाकावरच्या मित्राची नवी गाडी जास्त सलते.

सुत्तपिटकात खेमक नावाच्या आजारी भिक्खूने दिलेला दाखला याहून नेमका आहे. परटाने कपडा क्षारात, शेणात घोळून स्वच्छ धुतला, तरी त्याला त्या क्षाराचा, शेणाचा वास राहतो. तसा सगळं समजल्यावरही ‘मी आहे’ चा वास उरतो. तो कशाने जातो? खंध, म्हणजे देहमनाचे घटक, उपजतात आणि विरतात हे पुन्हा पुन्हा पाहत राहिल्याने.

पुढचा इतिहास दीडेक दशकाचा. फेसबुकवर लाइकचं बटण 2009 साली आलं आणि काट्याला आकडे मिळाले. 24 तासांत पुसली जाणारी स्टोरी 2013 साली स्नॅपचॅटने आणली, 2016 ला ती इन्स्टाग्रामवर आली आणि 2017 ला व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसमध्ये. अनित्यता अ‍ॅपनेच बांधून दिली म्हणायची. फक्त त्या 24 तासांत डोळ्याच्या चिन्हाला बोट लावून कुणी पाहिलं आणि कुणी नाही, याची यादी चाळता येते. ‘सब्बे सङ्खारा अनिच्चा’ (घडलेलं सगळं अनित्य आहे) असं स्टेटस ठेवून ही यादी मीही चाळली आहे.

2019 साली इन्स्टाग्रामने काही देशांत लाइकचे आकडे झाकून पाहिले. काहींना बरं वाटलं, काहींना वैताग आला, म्हणून 2021 मध्ये निर्णय ज्याच्या त्याच्यावर सोडला. झाकलेला आकडा इतरांना दिसत नाही. ज्याची पोस्ट असते, त्याला तो दिसतो.