डायझेपाम आणि प्राण्यांची भूक

डायझेपाम हे बेंझोडायझेपिन गटातले औषध. चिंता, आकडी आणि स्नायूंचा ताठरपणा यांवर ते दिले जाते. प्राण्यांमध्ये मात्र त्याचा आणखी एक परिणाम ठळकपणे दिसतो : पोट भरलेले असले तरी प्राणी पुन्हा खाऊ लागतो. या गटातले पहिले औषध क्लोरडायझेपॉक्साइड १९६० मध्ये बाजारात आले, डायझेपाम १९६३ मध्ये. दोन्हींमागे हॉफमन-ला रोश कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांचे काम होते. भूक वाढण्याचा हा परिणाम पुढे उंदीर, मांजर, डुक्कर, घोडा अशा अनेक प्राण्यांत आढळला. एल्फाझेपाम या भावंड औषधाचा अभ्यास तर मेंढ्या-गुरांचे खाणे वाढवण्यासाठीच झाला.

मांजरात हा परिणाम फार झटपट होतो. अगदी कमी मात्रा शिरेतून दिली, की बऱ्याचदा मिनिटभराच्या आत ते खायला सुरुवात करते. त्यामुळे खाण्याची बशी इंजेक्शनच्या आधीच समोर ठेवावी लागते. हा जोर फार वेळ टिकत नाही. मात्रा जास्त झाली तर पाय लटपटतात, गुंगी येते आणि खाणे राहूनच जाते.

भीती कमी झाल्यामुळे प्राणी खातो, असे आधी मानले जाई. अनोळखी अन्नाला तोंड लावायला उंदीर बिचकतात आणि बेंझोडायझेपिनने हे बिचकणे कमी होते, एवढे खरे. पण सवयीच्या पिंजऱ्यात, रोजचेच अन्न असतानाही खाणे वाढते, आणि तिथे हे स्पष्टीकरण अपुरे पडते. मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या तोंडात साखरेचे पाणी सोडून त्यांचे चेहरे बारकाईने पाहिले. औषध दिल्यावर जीभ बाहेर काढून चाटण्यासारख्या, गोडी लागल्याच्या हालचाली वाढल्या. मेंदूचा वरचा भाग मेंदूस्तंभापासून (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या खालच्या भागापासून) तोडलेल्या उंदरांतही हे घडले. म्हणजे मूळ यंत्रणा मेंदूस्तंभात आहे. तिथल्या पॅराब्रेकियल नावाच्या केंद्रात मिडॅझोलॅम हे याच गटातले औषध थेट सोडले, तरी उंदीर जास्त खातात. या साऱ्या अभ्यासाचे मोल इथे आहे : औषध नुसती भीती घालवत नाही, ते अन्नाची चवच अधिक हवीशी करते.

रेणूंच्या पातळीवर हे औषध गाबा-ए ग्राहीवर, म्हणजे मेंदूतल्या गाबा या रसायनाचा संदेश घेणाऱ्या प्रथिनावर बसते आणि गाबाचा शमनकारी परिणाम वाढवते. बेंझोडायझेपिनचे काम रोखणारे फ्लुमाझेनिल हे औषध दिल्यास भूक वाढण्याचा परिणाम थांबतो. त्याच जागी बसून उलट काम करणारी संयुगे खाणे कमी करतात.

उपचारात मात्र मांजरांना भुकेसाठी डायझेपाम देणे मागे पडले, आणि ते योग्यच झाले. तोंडाने डायझेपाम दिलेल्या ११ मांजरांमध्ये यकृत अचानक निकामी झाल्याची नोंद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतली बहुतेक दगावली. कोणत्या मांजराला असा त्रास होईल हे आधी सांगता येत नाही. शिवाय न खाणाऱ्या मांजराच्या यकृतात चरबी साठून ते आधीच धोक्यात असू शकते. चार घास पोटात जाणे म्हणजे दिवसभराचे पोषण नव्हे, हीही अडचण आहेच. भुकेसाठी आता दुसरी औषधे आहेत : अमेरिकेत कुत्र्यांसाठी कॅप्रोमोरेलिनला २०१६ मध्ये आणि वजन घटणाऱ्या मांजरांच्या कानाला लावायच्या मिर्टाझापिन मलमाला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. आकडी थांबवण्यासाठी डायझेपामचे इंजेक्शन पशुवैद्यक आजही वापरतात.