गोळीतला स्टार्च म्हणजे भेसळ नव्हे

गोळीवर आयोडीनचा थेंब टाकल्यावर ती निळी-काळी पडली, तर ती बनावट समजावी, असा समज वर्षानुवर्षे पसरत आला आहे. चाचणी खोटी नाही. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. निळ्या रंगावरून गोळीत स्टार्च आहे एवढेच कळते, आणि तो बहुधा जाणूनबुजूनच घातलेला असतो. थायरॉईडसाठीच्या लिव्होथायरॉक्सिनच्या गोळीत मूळ औषध साधारणतः 25 ते 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे चिमटीतही न येणारे असते. तिला हाताळण्याजोगा आकार द्यायचा तर भर घालावीच लागते. मका, बटाटा किंवा टॅपिओकाचा स्टार्च शिजवून केलेली खळ भुकटीचे कण एकमेकांना धरून ठेवते, तर कोरडाच मिसळलेला स्टार्च पोटात पाणी शोषून फुगतो आणि दाबून घट्ट केलेली गोळी फोडतो. एकच पदार्थ बांधतो आणि सोडवतोही, ही गंमतच म्हणायची. गोळी अस्सल आहे का, हे ठरवायला तिच्यातील मूळ औषधाचे प्रमाण प्रयोगशाळेतच मोजावे लागते. सिलिअ‍ॅक आजार (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा विकार) असलेल्यांनी मात्र स्टार्च गव्हाचा तर नाही ना, हे औषधविक्रेत्याकडून जरूर जाणून घ्यावे.