साठावा सिनेटर

१० जून १९६४. वॉशिंग्टनमध्ये सिनेटचं, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या गृहाचं, सभागृह खच्चून भरलेलं. वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क विधेयकावरची चर्चा थांबवायची की नाही, यासाठी एकेकाचं नाव पुकारलं जात होतं. चर्चा थांबल्याशिवाय विधेयकावर मतदानच होऊ शकत नव्हतं. दक्षिणेकडच्या सिनेटरांनी भाषणांवर भाषणं करून महिनोन्‌महिने विधेयक अडवून धरलं होतं. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना चाकाच्या खुर्चीतून आत आणलं. मेंदूतल्या गाठीमुळे त्यांची वाचा गेली होती. नाव पुकारल्यावर त्यांनी कसाबसा हात उचलला आणि डोळ्याकडे बोट दाखवलं. तिथे होकार देताना ‘आय’ म्हणतात, आणि इंग्रजीत डोळाही ‘आय’च. मत नोंदलं गेलं. ७१ विरुद्ध २९ मतांनी कोंडी फुटली. पुढच्याच महिन्यात एंगल गेले.

त्या ७१ जणांत ४४ डेमोक्रॅट होते आणि २७ रिपब्लिकन. विरोधातल्या २९ पैकी २३ जण राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे. आज एवढ्या मोठ्या कायद्यावर अशी सरमिसळ जवळजवळ दिसतच नाही. २०१०च्या आरोग्यविमा कायद्याला रिपब्लिकनांचं एकही मत मिळालं नाही.

याचं कारण म्हणून ‘हल्लीचे नेते भांडकुदळ’ असं म्हटलं जातं. मला ते अपुरं वाटतं, कारण या दुराव्याचं मोजमाप झालेलं आहे. कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेन्थाल या दोन अभ्यासकांनी १९८०च्या दशकात एक पद्धत तयार केली. भाषणं बाजूला ठेवायची, पक्षही विचारात घ्यायचा नाही. १७८९पासूनच्या मतदानांत कोण कोणाच्या बाजूने उभं राहिलं, तेवढंच पाहायचं. पंगतीत कोण कायम कोणाशेजारी बसतं यावरून नाती ओळखावीत, तसं. त्यावरून सगळ्यांना एका रेषेवर मांडायचं, डावीकडे उदारमतवादी, उजवीकडे परंपरावादी. वारंवार एका बाजूला मत देणारे रेषेवर जवळ येतात, विरुद्ध मत देणारे लांब जातात. (आपल्या लोकसभेत ही मोजपट्टी फारशी चालणार नाही. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडला तर खासदारकीच जाऊ शकते. त्यामुळे मतदानातून दिसतो तो पक्षादेश, खासदाराचा कल नव्हे.)

१९६०च्या दशकात या रेषेवर दोन्ही पक्ष एकमेकांत मिसळलेले दिसतात. दक्षिणेतले काही डेमोक्रॅट ईशान्येतल्या रिपब्लिकनांपेक्षाही उजवीकडे होते. नागरी हक्क कायद्यांनंतर दक्षिणेतले गोरे मतदार हळूहळू रिपब्लिकनांकडे वळले, आणि ईशान्येतले उदारमतवादी रिपब्लिकन नाहीसे होत गेले. आता दोन पुंजके उरलेत. मधली जागा रिकामी आहे.

ती रिकामी जागा का आड येते, ते समजायला शंभर सिनेटर डावीकडून उजवीकडे एका रांगेत उभे करा. १९७५पासून सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवायला ६० मतं लागतात. एखादा कायदा डावीकडे सरकवायचा असेल, तर डावीकडून साठावा माणूस तयार हवा. उजवीकडे सरकवायचा असेल, तर एकेचाळिसावा, म्हणजे उजवीकडून मोजलं तर साठावा. प्रचलित कायदा या दोघांच्या मधे कुठेही असला, की तो हलत नाही. राज्यशास्त्रज्ञ कीथ क्रेबिएल यांनी या पट्ट्याचं गणित मांडलं. रांग मधे दाट असेल, तर एकेचाळिसावा आणि साठावा जवळजवळ उभे असतात आणि पट्टा अरुंद राहतो. मधली माणसं नाहीशी झाली, की हे दोघे दोन वेगळ्या छावण्यांत जाऊन पडतात आणि पट्टा प्रचंड रुंद होतो. लक्षात घ्या, १९६४ साली अट आणखी कडक होती, दोन-तृतीयांश मतांची. तरी ती पार झाली, कारण मधे माणसं होती. शिवाय आता अडवणाऱ्याला तासन्‌तास उभं राहून बोलावंही लागत नाही.

त्या पट्ट्यात अडकलेलं एक उदाहरण: केंद्रीय किमान वेतन जुलै २००९पासून ताशी ७.२५ डॉलरवरच आहे. महागाई थांबलेली नाही.

हे झालं सिनेटमधलं कुलूप. दुसरं प्रतिनिधिगृहात, म्हणजे संसदेच्या खालच्या गृहात आहे. जून २०१३मध्ये स्थलांतर कायद्यात मोठी सुधारणा करणारं विधेयक सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर झालं, १४ रिपब्लिकनांसह. प्रतिनिधिगृहात रिपब्लिकनांचं बहुमत होतं. स्वपक्षातल्या बहुसंख्यांचा पाठिंबा नसेल, तर विधेयक पटलावर आणायचंच नाही, असा त्यांचा पवित्रा होता. सभापती जॉन बेनर यांनी ते मतदानाला घेतलंच नाही. मुदत संपली, विधेयक बारगळलं.

त्या विधेयकात नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची (कायम वास्तव्याच्या परवान्यांची) देशनिहाय मर्यादा उठवण्याची तरतूद होती. १९९०च्या कायद्याने अशी कार्डं वर्षाला सुमारे १,४०,००० ठरवली, आणि साधारणपणे कुठल्याही एका देशाच्या वाट्याला त्यातली ७ टक्केच. देश भारताएवढा असो की आइसलंडएवढा. न्यू जर्सीतल्या कितीतरी मराठी घरांत ‘प्रायॉरिटी डेट’, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली आपली तारीख, हा शब्द दूध-भाजीइतका रोजचा आहे. कोणत्या तारखेपर्यंतच्यांची पाळी आली ते सांगणारं सरकारी व्हिसा बुलेटिन दर महिन्याला येतं, तारीख सरकली का ते पाहिलं जातं, कधी ती मागेही जाते. नवराबायको वाट पाहत नोकरी करत राहतात. पण पाचव्या वर्षी तिथे गेलेलं, तिथल्याच शाळेत वाढलेलं त्यांचं मूल २१ वर्षांचं झालं, की आईवडिलांच्या व्हिसावर राहू शकत नाही. मग स्वतःचा विद्यार्थी व्हिसा काढायचा, नाहीतर ज्या देशाची धड आठवणही नाही तिथे परतायचं.