आरबीसीतल्या ॲक्टिनच्या टोकावरची टोपी: ट्रोपोमॉड्युलिनची पार्श्वभूमी

ट्रोपोमॉड्युलिन हे नाव आमच्या पुण्यातल्या डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या) वर्गात सहसा निघतच नाही, आणि एमबीबीएसच्या पोरांनाही स्पेक्ट्रिन, अँकिरिन, बँड 3 ही लाल पेशीच्या आवरणातली प्रोटीनं एवढंच पाठ असतं, कारण हेरेडिटरी स्फेरोसायटोसिसचा, म्हणजे लाल पेशी गोल होण्याच्या आनुवंशिक आजाराचा, प्रश्न आला की तेवढंच लिहून भागतं. पण मला मनापासून वाटतं की ट्रोपोमॉड्युलिन या प्रोटीनशिवाय लाल पेशीची (आरबीसीची) गोष्ट अर्धीच राहते, आणि शिवाय ही गोष्ट रक्तातून निघून थेट हृदयापर्यंत जाते, म्हणून जरा मागे जाऊन सांगते.

लेशमन स्टेनने रंगवलेली रक्ताची चांगली स्लाइड मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली धरली की 7-8 मायक्रॉनच्या गुलाबीसर चकत्या दिसतात, मधे फिकट, कडेला गडद. हीच चकती प्लीहेतल्या जेमतेम एक मायक्रॉनच्या फटीतून पिळून निघते आणि पलीकडे गेली की परत आपल्या आकारात येते, असं साधारण 120 दिवस चालू असतं, आणि या सगळ्या काळात तिच्याकडे केंद्रक नसतं, म्हणजे काही बिघडलं तर नवीन प्रोटीन बनवून दुरुस्ती करायची सोयच नाही. मग हा आकार धरून कोण ठेवतं?

याचा शोध घ्यायला लाल पेशी सोयीची होती, कारण ब्लड बँकेत पिशवीभर मिळते आणि आत फारशी गर्दी नाही. 1963 मध्ये डॉज, मिचेल आणि हॅनाहान यांनी पेशी पातळ बफरमध्ये फोडून हिमोग्लोबिन धुऊन टाकायची रीत नीट बसवली, मागे उरतं ते फक्त पांढरं पारदर्शक आवरण, त्याला घोस्ट म्हणतात. 1968 मध्ये मार्केसी आणि स्टीअर्स यांनी या घोस्टमधून स्पेक्ट्रिन वेगळं काढलं. 1971 मध्ये फेअरबँक्स, स्टेक आणि वॉलक यांनी आवरणातली प्रोटीनं जेलवर पळवून वजनाप्रमाणे वेगळी केली आणि उमटलेल्या पट्ट्यांना, म्हणजे बँडना, वरून खाली नंबर दिले, आपण आजही बँड 3 म्हणतो ते तिथूनच आलं. त्यातला बँड 5 म्हणजे ॲक्टिन. हे ॲक्टिन 1942 मध्ये हंगेरीतल्या सेगेद इथे स्ट्राउब यांनी स्नायूतून काढलं होतं, म्हणजे स्नायू हलवणारं प्रोटीन रक्तपेशीच्या आवरणाला आतून चिकटून बसलेलं निघालं.

पुढे 1985 मध्ये बायर्स आणि ब्रँटन यांनी पसरलेल्या जाळीचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली फोटो काढले आणि चित्र एकदम स्पष्ट झालं. सुंभाने विणलेल्या बाजेसारखी वीण, लांब दोऱ्या म्हणजे स्पेक्ट्रिन आणि जिथे पाच-सहा दोऱ्या एकत्र येतात त्या गाठीत ॲक्टिनची एक आखूड काडी. आखूड म्हणजे किती, तर बारा ते सोळाच्या आसपास ॲक्टिनचे रेणू, लांबी 35 नॅनोमीटरच्या आगेमागे. आणि अशा हजारो गाठींमध्ये सगळीकडे साधारण तेवढीच लांबी!

मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते, कारण ॲक्टिन टेस्ट ट्यूबमध्ये मोकळं सोडलं तर ते असं अजिबात वागत नाही, रेणूला रेणू जोडत कित्येक मायक्रॉन लांब वाढत जातं आणि काड्याही लहानमोठ्या वाटेल तशा होतात. काडीची दोन टोकंही सारखी नसतात, एक भराभर वाढतं आणि दुसरं सावकाश. आता लाल पेशीत काड्या ठरलेल्या मापाच्या राहतात याचा अर्थ दोन्ही टोकांना कुणीतरी अडवून धरलंय. भराभर वाढणाऱ्या टोकाला टोपी घालणारी बरीच प्रोटीनं माहिती होती. सावकाश टोकाची वाढ आणि झीज दोन्ही थांबवतं असं मात्र एकही दाखवलेलं नव्हतं.

गंमत म्हणजे उत्तर सापडलं ते टोक शोधताना नाही. 1984 मध्ये व्हेलिया फाउलर आणि व्हॅन बेनेट यांनी आरबीसीच्या आवरणातून ट्रोपोमायोसिन काढलं, हेही मूळचं स्नायूतलंच, ॲक्टिनच्या काडीला लांबीला लांबी लावून बसणारं. मग फाउलर यांना प्रश्न पडला की या ट्रोपोमायोसिनला आणखी कोण चिकटतं, आणि 1987 मध्ये त्यांनी मानवी लाल पेशींच्या आवरणातून 43 किलोडाल्टनचं (हे रेणूचं वजन मोजायचं एकक) एक नवीन प्रोटीन शुद्ध करून दाखवलं. ॲक्टिनचं वजन 42, याचं 43, म्हणजे जेलवर दोघं जवळजवळ एकाच जागी, त्यात ॲक्टिन भरपूर आणि हे दर काडीमागे जेमतेम एखाद-दोन रेणू, मग नुसत्या बँडवरून ते ओळखू येणार कसं? ट्रोपोमायोसिनला चिकटतं या गुणावरूनच ते पकडता आलं. 1990 मध्ये हे ट्रोपोमायोसिनच्या एका टोकाशी बसतं असं दिसलं आणि त्याला ट्रोपोमॉड्युलिन नाव मिळालं. पण त्याचं खरं काम काय हे तेव्हाही कळलं नव्हतं.

ते कळलं 1994 मध्ये. स्नायूतल्या कॅल्शियमवरच्या कामासाठी आधीच नावाजलेल्या ॲनामारी वेबर आणि फाउलर यांच्या गटांनी मिळून दाखवलं की ट्रोपोमॉड्युलिन सावकाश टोकाला टोपी घालतं, तिथे नवीन रेणू जोडूही देत नाही आणि जुना सुटूही देत नाही. नुसत्या ॲक्टिनवर ही टोपी ढिली बसते, पण काडीवर ट्रोपोमायोसिन असेल तर अशी घट्ट बसते की पकड शेकडो पटीने वाढते, म्हणजे 1987 चा धागा इथे येऊन जुळला. दुसऱ्या टोकाला लाल पेशीत ॲड्युसिन टोपी घालतं, ते 1996 मध्ये ठरलं.

तोपर्यंत हेच प्रोटीन स्नायूतही सापडलं होतं, ॲक्टिनच्या पातळ तंतूंच्या अगदी टोकाला. 1995 मध्ये कोंबडीच्या गर्भातल्या हृदयपेशींमध्ये टोपी बसू न देणारी अँटीबॉडी सोडली तर ॲक्टिनचे तंतू टोकाकडून लांबत गेले आणि धडधडणाऱ्या पेशींची संख्या खूप कमी झाली. मला वाटतं या प्रोटीनच्या इतिहासातला हाच सगळ्यात मोठा टप्पा, कारण ब्लड बँकेतल्या रक्तातून निघालेल्या प्रोटीनमुळे हृदयातल्या तंतूचं माप कसं टिकतं ते समजलं. 2003 मध्ये ज्या उंदरांत हे जनुक बंद केलं ते गर्भातच, दहाव्या दिवसाच्या आसपास मेले, हृदय नीट घडलंच नाही.

मग लाल पेशीवर परिणाम बघायचा कसा, उंदीरच जगत नाही तर? तर हृदयात जनुक चालू ठेवून बाकी ठिकाणी बंद असलेले उंदीर बनवले, आणि 2010 मध्ये दिसलं की त्यांच्या पेशी थोड्या गोलसर, थोड्या लांबट झाल्या, लवकर फुटायला लागल्या, पण रोग सौम्यच. कारण या कुटुंबातला भाऊ ट्रोपोमॉड्युलिन 3 जागेवर येऊन बसला होता, फक्त त्याला मापाची तेवढी शिस्त ठेवता आली नाही, काड्या कमीजास्त लांबीच्या झाल्या आणि जाळी विस्कटली. रोगाच्या नेहमीच्या यादीत हे नाव का येत नाही याचा थोडा अंदाज यावरून येतो, असं मला वाटतं.

टोपी प्रत्यक्ष बसते कशी हे 2014 मध्ये क्रिस्टल रचनेवरून कळलं, प्रोटीनचे दोन भाग टोकाच्या ॲक्टिन रेणूंना वेगवेगळ्या बाजूंनी धरतात. पुण्यात पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेत पेशीच्या सांगाड्यावर काम चालतं, बायोटेकच्या मुलांनी तिकडची व्याख्यानं ऐकावीत, ही रचना समजायला फार मदत होते. आणि 2015 मध्ये फाउलर यांच्याच गटाने आणखी एक समजूत हलवली, इतकी वर्षं या काड्या एकदा बनल्या की आयुष्यभर तशाच राहतात असं धरून चाललो होतो, पण मानवी लाल पेशीत त्यांच्या टोकांशी ॲक्टिनची थोडी अदलाबदल चालूच असते, आणि ती औषधाने थांबवली किंवा वाढवली तर आवरणाचा लवचिकपणाही बदलतो.